साहेब जागेवर नाहीत

सरकारी कचेरीत माझी एकतीस वर्षं गेली. पहिली पंधरा वर्षं मी लोकांना "साहेब जागेवर नाहीत" असं सांगत होतो. पुढे मीच बारीकसा साहेब झालो आणि तेच वाक्य दुसरं कोणीतरी माझ्याबद्दल सांगू लागलं. या वाक्याची एक गंमत आहे. साहेब जागेवर नसतात, पण साहेबांची जागा अगदी जागेवर असते. खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल, टेबलावर चष्म्याची उघडी डबी, बशीने झाकलेला चहा, रिकाम्या खुर्चीला वारा घालणारा पंखा. आलेला माणूस दारातून हे सगळं नीट न्याहाळतो आणि हात जोडल्यासारखं करून परत फिरतो. साहेब दर तीन वर्षांनी बदलायचे. टॉवेल तोच असायचा.

हे सांगायचं कारण व्हिएन्ना.

भाचा तिथे नोकरीला आहे. "मामा, मामीला घेऊन या एकदा," असं तीन वर्षं म्हणत होता. शेवटी ऑक्टोबरात गेलो. पोहोचल्या रात्रीच त्याने दोघांच्या हातात ट्रामचा आठवड्याचा पास ठेवला, आणि सोबत संग्रहालयांची यादी. यादीत अठरा नावं होती. बायकोने चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, "अरे, अष्टविनायकसुद्धा आठच असतात."

पहिला दिवस सोमवारचा. शहराच्या मधोमध एक मोठा चौक आहे. त्यात दोन प्रचंड इमारती समोरासमोर उभ्या, इतक्या सारख्या की एकीचा आरसा समोर धरलाय असं वाटावं. एकीत निसर्गाचा इतिहास, दुसरीत कलेचा. निसर्गवाली १८८९ साली उघडली, कलेची १८९१ साली. मध्ये उंच चौथऱ्यावर मारिया थेरेसा राणी बसलेली आहे, आणि दोन्ही लेकरांकडे सारखं लक्ष आहे असं भासवते आहे. आम्ही कलेच्या दाराशी गेलो. सोमवारी बंद. समोरचं मंगळवारी बंद असतं असं कळलं. राणीबाईंनी दोघांना आळीपाळीने सुटी दिली होती, म्हणजे घर कधी पूर्ण उघडं पडायला नको. माझ्यातल्या निवृत्त आस्थापना लिपिकाला ही व्यवस्था मनापासून आवडली. बायकोला आवडली नाही, कारण बारीक पाऊस पडत होता आणि तिचे गुडघे कुरकुरत होते. पण तिच्याकडे छत्री होती. गडद निळ्या रंगाची, लाकडी मुठीची, एकदा काडी बदलून घेतलेली. ही छत्री लक्षात ठेवा.

तर समोरच्या दारात शिरलो. तिथली मुख्य मानकरी म्हणजे विलेनडॉर्फची व्हीनस. १९०८ साली डॅन्यूब नदीकाठी रेल्वेचं काम चालू असताना ती सापडली. वय सुमारे तीस हजार वर्षं. भाच्याने इतकं वर्णन केलं होतं की मी मनात किमान माणसाएवढी मूर्ती उभी केली होती. अंधाऱ्या छोट्या खोलीत, काचेमागे, उजेडाच्या एका ठिपक्यात ती होती. उंची अकरा सेंटिमीटर. आमच्या देवघरातली अन्नपूर्णा तिच्याहून थोडीच लहान असेल. भरलेलं अंग, पोटावर उतरलेले स्तन, त्यांवर टेकलेले काटकुळे हात. डोक्याभोवती वेणीचे पेड किंवा विणलेली टोपी असावी तशा रांगा. पण चेहरा नाही. पुसला गेलाय, झिजलाय असं काही नाही. घडवणाऱ्याने तो केलेलाच नाही. पावलंही नाहीत.

बायको काचेला नाक लावून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "मुखवटा बसवायच्या आधीची गौर आहे ही."

माझ्या मते या मूर्तीवर लिहिलेल्या जाडजूड ग्रंथांत याहून चांगलं वाक्य नसेल. अर्थात, मी ते ग्रंथ वाचलेले नाहीत.

मंगळवारी कलेच्या घरी गेलो. आत शिरताना छत्री जमा करावी लागली. तिकडे सगळीकडे हा नियम असतो. छत्री, पिशवी, जाड कोट, काय असेल ते खाली काउंटरवर द्यायचं आणि नंबराचा बिल्ला घ्यायचा. मग संगमरवरी जिना. जिन्याच्या वर खांबांच्या बेचक्यांमध्ये गुस्ताव क्लिम्टने तरुणपणी काढलेली चित्रं आहेत. तेव्हा तो अजून 'क्लिम्ट' झाला नव्हता, कंत्राटावर काम करणारा होतकरू चित्रकार होता. ती इतकी उंचावर आहेत की मान पार मागे टाकल्याशिवाय दिसत नाहीत. आम्ही दोघांनी एकमेकांची पाठ धरून ती पाहिली.

वरच्या मजल्यावरच्या दालनांत गुबगुबीत बाकं आहेत. संग्रहालयात बाकाला फार मान द्यावा. या बाकांपैकी एकावर तर कादंबरी आहे. थॉमस बर्नहार्ड या ऑस्ट्रियन लेखकाच्या १९८५ सालच्या कादंबरीतला म्हातारा नायक गेली तीस-बत्तीस वर्षं दिवसाआड इथे येतो आणि तिंतोरेत्तोच्या पांढऱ्या दाढीवाल्या माणसाच्या चित्रासमोर बसतो. सोमवारी येत नाही, कारण सोमवारी बंद. बसून तो सगळ्या जगाला आणि विशेषतः ऑस्ट्रियाला नावं ठेवतो. असे म्हातारे आमच्या बागेतही संध्याकाळी बसतात, फक्त त्यांच्यासमोर तिंतोरेत्तो नसतो.

आणि मग ब्रॉयगलचं दालन. पीटर ब्रॉयगल थोरला. सोळाव्या शतकातला हा फ्लेमिश माणूस. त्याची चित्रं जगात चाळीसच्या आसपास उरली आहेत, आणि त्यातली बारा एकट्या या घरात आहेत. बर्फातून जवळजवळ रिकाम्या हाताने परतणारे शिकारी इथलेच, बाबेलचा मनोरा इथलाच. पण आम्ही अडकलो एका लग्नात.

शेतकऱ्याच्या घरचं लग्न, साल साधारण १५६७. खळ्यात पंगत बसली आहे. पाट नाहीत, लांबलचक मेज आणि बाकडी आहेत, पण पंगत ती पंगतच. पुढ्यात दोन वाढपी. त्यांनी एक दार बिजागऱ्यांवरून काढून त्याला काठ्या लावल्यात आणि त्यावर खिरीसारख्या काहीतरी पदार्थाने भरलेले वाडगे मांडून ते उचलून आणलंय. ही युक्ती कोणातरी काकांची असणार. प्रत्येक लग्नात असा एक काका असतो. मेजाच्या टोकाचा माणूस मागे वळून दारावरचे वाडगे उचलून पुढे सरकवतोय. डाव्या कोपऱ्यात एकजण मोठ्या घड्यातून लहान घडे भरतोय आणि त्याच्याजवळ रिकाम्या घड्यांची रास पडली आहे. जमिनीवर एक पोर मोरपीस खोचलेली, नाकापर्यंत उतरलेली मोठ्या माणसाची टोपी घालून बसलंय आणि ताटली पुसून बोटं चाटतंय. दोन पिशवीवाले सनईवाले आहेत, म्हणजे बॅगपाइपवाले. त्यातल्या एकाची नजर वाडग्यांवर खिळली आहे. त्याचा सूर हुकलेला मला चारशेहून अधिक वर्षांनंतर स्पष्ट ऐकू आला. वाजंत्रीवाल्यांची पंगत शेवटची असते, हा नियम तिकडेही असावा.

बायको मात्र दाराखालचे पाय मोजत होती. "अहो, एक पाय जास्त आहे." मी मोजले. खरंच वाढप्यांच्या पायांचा हिशेब जुळत नाही, एक पाऊल जास्त भरतं. अभ्यासकांनाही हे ठाऊक आहे आणि त्यांनी त्यावर पुष्कळ डोकी चालवली आहेत.

मग ती नवरीकडे वळली. नवरी सहज सापडते. भिंतीवर हिरवं कापड टांगलंय, त्यावर कागदी मुकुट लटकतोय आणि त्याखाली ती बसली आहे. गाल लाल, डोळे मिटल्यासारखे, हात एकमेकांत गुंतवलेले. जेवत नाही, बोलत नाही. सगळ्या खळ्यात स्वस्थ बसलेली ती एकटीच.

"आणि नवरा?"

शोधला. पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत दोनदा शोधला. नवरा नाही. म्हणजे तो कोण, हे अजून कोणाला खात्रीने सांगता आलेलं नाही. कोणी म्हणतं तो घडे भरणारा, कोणी म्हणतं तो वाडगे सरकवणारा, कोणी घास कोंबणाऱ्या एका इसमाकडे बोट दाखवतं. कोणी म्हणतं त्या काळच्या रीतीप्रमाणे नवरा या पंगतीला बसतच नसे. एवढं सजवलेलं लग्न आणि मुख्य साहेबच जागेवर नाहीत.

"रुसलेल्या कोणाची तरी समजूत काढायला गेला असेल," बायको म्हणाली. आवाज सहज होता, पण मला धोका कळला. "किंवा स्टँडवर."

आमच्या लग्नात मी स्टँडवर गेलो होतो. कराडहून येणाऱ्या काकांची एसटी रखडली होती. त्यांना हॉल सापडणार नाही म्हणून मला, साक्षात नवऱ्याला, स्कूटरवरून पिटाळलं. फोटोग्राफरला पुढचं लग्न होतं, तो थांबला नाही. त्यामुळे आमच्या अल्बममध्ये वधूवरांच्या पंगतीचा जो फोटो आहे त्यात दोन पाट आहेत, दोन चांदीची ताटं आहेत, दोन्ही ताटांभोवती रांगोळीची महिरप आहे, समया आहेत, उदबत्तीचा धूरही आलाय. पण वर नाही. बायको खाली बघत बसली आहे आणि शेजारच्या पाटावर कोणीतरी माझा फेटा तेवढा ठेवलाय. छत्तीस वर्षं मला वाटत होतं की हा प्रसंग आम्ही हसण्यावारी नेलेला आहे.

त्या चित्रासमोरच्या बाकावर आम्ही बराच वेळ बसलो. मी काही बोललो नाही. ब्रॉयगलही बोललेला नाही.

तळमजल्यावर एक मीठदाणी आहे. बेन्वेनुतो चेल्लिनी नावाच्या भांडखोर इटालियन सोनाराने १५४० ते १५४३ या काळात फ्रान्सच्या राजासाठी ती घडवली. सोनं, मीनाकाम, खाली आबनूस. एका बाजूला समुद्रदेव नेपच्यून, शेजारी मिठाची नाव. समोर पाय लांब करून रेललेली पृथ्वी, तिच्याशेजारी मिऱ्याचं देऊळ. सगळा खटाटोप चिमूटभर मीठमिऱ्यासाठी. २००३ सालच्या मे महिन्यात एका रात्री एक गृहस्थ दुरुस्तीसाठी बांधलेल्या परांचीवरून चढले, खिडकी फोडली आणि मीठदाणी घेऊन गेले. गजर झाला होता, पण उगाच वाजला असेल म्हणून बंद केला गेला. या गृहस्थांचा व्यवसाय काय, तर गजराच्या यंत्रणा बसवणं. खाल्ल्या मिठाला जागणं सोडाच, त्यांनी मिठाचं भांडंच नेलं. पुढे खंडणीची बोलणी झाली. आपल्याकडे खरा माल आहे हे पटवण्यासाठी त्यांनी नेपच्यूनच्या हातातला इवला त्रिशूळ तेवढा पोलिसांपर्यंत पोहोचवला. २००६ च्या जानेवारीत जंगलात पुरलेल्या शिशाच्या पेटीत बाकीची मीठदाणी सापडली. आता ती जागेवर आहे. पण तिच्याकडे बघताना रजेवरून उशिरा हजर झालेल्या माणसाकडे बघतात तसंच मी बघत होतो. अंगावर ओरखडा दिसतोय का, हेच आधी शोधलं.

घुमटाखालच्या कॅफेत मेलांज मागवली. मेलांज म्हणजे दुधाच्या फेसाची कॉफी. चांदीसारख्या तबकात येते आणि सोबत न मागता पाण्याचा पेला. ही एकच गोष्ट सांगून मी आमच्या पेठेतल्या अनेकांना व्हिएन्नाला जायला प्रवृत्त केलं आहे.

बुधवारी अल्बर्टिनात ससा बघायला गेलो. आल्ब्रेख्त ड्यूररने १५०२ साली जलरंगात काढलेला ससा. केस न् केस वेगळा दिसतो आणि डोळ्यात खिडकीचं प्रतिबिंब आहे म्हणतात. बायकोने हा ससा मराठी शाळेतल्या कुठल्याशा कॅलेंडरवर लहानपणी पाहिला होता. यादीतली एकच गोष्ट तिला स्वतःहून बघायची होती. आम्ही ससा पाहिला. डोळ्यातली खिडकी पाहिली. बायको हळवी झाली. मग मी खालची पाटी वाचली. माझी ती सवय आहे, फाइल हातात आली की आधी शेवटचं पान. पाटीवर लिहिलं होतं की ही हुबेहूब प्रत आहे. खरा ससा उजेडाने विटतो, म्हणून तो क्वचितच, थोडे दिवस बाहेर काढतात आणि मग पुन्हा वर्षानुवर्षं अंधारात विश्रांतीला ठेवतात. काही आठवड्यांची ड्यूटी आणि काही वर्षांची भरपगारी रजा. असं खातं आमच्या वेळी असतं तर मी बदली मागून घेतली असती.

बायकोला सांगावं की नाही? सांगितलं. ती म्हणाली, "मग आपण कोणाला बघितलं?" मी म्हटलं, "प्रभारी सशाला."

खरा ससा अंधारात निजला असला तरी त्याच्या नावाने बाहेर सगळं चालू होतं. पोस्टकार्डांवर ससे, कपांवर ससे, मोज्यांवर ससे. समोरच्या सॉसेजच्या टपरीच्या छपरावर तर भलामोठा हिरवा ससा ठाण मांडून बसला होता. साहेब नसताना साहेबांचा शिक्का कसा धडाधड चालतो, ते मी आयुष्यभर पाहिलं आहे.

गुरुवारी फ्रॉइडकडे. बर्गगासे १९. या पत्त्यावर डॉक्टर सिगमंड फ्रॉइड १८९१ पासून १९३८ पर्यंत, सत्तेचाळीस वर्षं राहिले. इथेच लोक कोचावर आडवे होऊन त्यांना आपली स्वप्नं सांगत. तो कोच माझ्या मनात पक्का होता. गालिचे अंथरलेला, उशा रचलेला, डोक्याशी डॉक्टरांची खुर्ची. जिना चढून वर गेलो. खोल्या होत्या, खिडक्या होत्या, खिडकीबाहेर अंगणातलं झाड होतं. कोच नव्हता. कोच लंडनला आहे.

१९३८ च्या मार्चमध्ये नाझी व्हिएन्नात शिरले. जूनमध्ये ब्याऐंशी वर्षांचे, कर्करोगाने जबडा पोखरलेले फ्रॉइड लंडनला निघून गेले आणि त्यांच्यामागोमाग कोच, पुस्तकं, जुन्या मूर्ती असं सगळं सामान गेलं. त्याआधी मे महिन्यात एडमंड एंगेलमान नावाच्या तरुण छायाचित्रकाराने घरावर गुप्त पोलिसांची पाळत असताना, फ्लॅश न वापरता खोली न् खोलीचे फोटो काढून ठेवले. आज त्या खोल्यांत ते फोटो आहेत. जिथे कोच होता तिथे दुसरा कोच आणून ठेवायचा मोह या लोकांनी टाळला आहे. जागा मोकळीच ठेवली आहे. आपण फोटो बघायचा, मग भिंतीकडे बघायचं. फ्रॉइडांच्या चार म्हाताऱ्या बहिणी व्हिएन्नातच राहिल्या होत्या. त्या छळछावण्यांत मेल्या. हे वाचल्यावर मोकळ्या जागेकडे बघून विनोद सुचायचा बंद होतो.

पण एक खोली भरलेली आहे. फ्रॉइडांची मुलगी ॲना हिने १९७१ साली संग्रहालय उघडताना काही मूळ सामान परत पाठवलं. त्यामुळे बाहेरची, पेशंटनी थांबायची खोली होती तशी आहे. मखमली कोच, खुर्च्या, मेज. म्हणजे डॉक्टर गेले, तपासणीची खोली गेली, वेटिंग रूम मात्र शिल्लक. आम्ही दारातून आत बघत उभे राहिलो आणि मला, का कोण जाणे, आमच्या कचेरीतलं बाकडं दिसायला लागलं.

मी साहेब झाल्यानंतरच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. कालव्यात जमीन गेलेले एक आजोबा मोबदल्याच्या कागदासाठी यायचे. मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसायचे. मी कँटीनमधून परतत होतो. ते मला ओळखत नव्हते. मला बघून सरकून बसले, शेजारी जागा करून दिली आणि म्हणाले, "बसा. साहेब जागेवर नाहीत म्हणे. येतील." मी बसलो. दोन मिनिटं बसलो. मग उठून मागच्या दाराने केबिनमध्ये गेलो आणि शिपायाला त्यांना आत पाठवायला सांगितलं. आत आल्यावर त्यांनी मला पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. त्यांचं काम मी त्याच दिवशी केलं. फ्रॉइडांच्या वेटिंग रूमच्या दारात उभं राहून हे मी बायकोला पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, "इथे येऊन बोलायचं होतं होय. मग ठीक ठिकाणी आलात."

शुक्रवारी मोझार्ट. डोमगासेतल्या घरात तो १७८४ ते १७८७ राहिला. घर खरं आहे, पण कोणत्या खोलीत तो काय करायचा हे निश्चित माहीत नाही. म्हणून पाट्यांवर 'बहुधा' आणि 'असावी' यांची रेलचेल आहे. बहुधा जेवणाची खोली, बहुधा झोपायची. इतकं प्रामाणिक टिपण मी सरकारी कागदावर कधी पाहिलेलं नाही.

मोझार्ट घरात नाही, तर निदान कबरीत तरी असेल म्हणून आम्ही ७१ नंबरची ट्राम पकडली. ही ट्राम शहराच्या मोठ्या दफनभूमीकडे जाते. कोणी वारलं की व्हिएन्नाचे लोक म्हणतात, 'तो एकाहत्तरने गेला.' भाच्याने हे सांगितल्यापासून बायको त्या ट्रामच्या पुढच्या सीटवर बसायला तयार नव्हती. १८७४ साली सुरू झालेल्या या दफनभूमीत सुमारे तीस लाख माणसं निजली आहेत. शहरात जिवंत आहेत ती वीस लाखांच्या घरात. संगीतकारांची वेगळी आळी आहे. तिथे बीथोव्हेन आहे, शूबर्ट आहे, ब्राह्म्स आहे आणि मधोमध मोझार्टचं उंच स्मारक. खाली मोझार्ट नाही. १७९१ साली दुसऱ्याच, सेंट मार्क्सच्या दफनभूमीत त्याला पुरलं आणि खड्डा नेमका कोणता, याची नोंद राहिली नाही. सगळी आळी हजर आणि मुख्य कलावंत बेपत्ता. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी घाईने शूबर्टकडे वळलो.

तिथेच अंत्यविधींचं संग्रहालय आहे आणि त्यातली एक वस्तू मी जन्मभर विसरणार नाही. सम्राट दुसरा योसेफ काटकसरी होता. १७८४ साली त्याने हुकूम काढला की शवपेट्यांत लाकूड वाया घालवू नये. पेटीला तळाशी झडप ठेवावी, कबरीवर नेऊन कळ दाबावी, पिशवीत शिवलेला देह खाली जाईल आणि पेटी पुढच्याच्या उपयोगी पडेल. हिशेबाने पाहिलं तर हुकुमात एक चूक नव्हती. पण लोक इतके भडकले की पुढच्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला. शासन निर्णय निर्गमित होऊन रद्द झालेले मी खूप पाहिलेत, मात्र एवढ्या ठोस स्वरूपात जपून ठेवलेला हा एकच. याच राजघराण्याने स्वतःसाठी मात्र हात सैल ठेवला होता. अनेक हाब्सबुर्गांचं हृदय एका चर्चमध्ये, आतडी दुसऱ्या चर्चखाली आणि बाकीचा देह तिसरीकडे, अशी तीन तीन ठिकाणी सोय आहे. एकाच साहेबांकडे तीन टेबलांचा चार्ज, आणि एकाही टेबलावर ते पूर्ण सापडत नाहीत.

शनिवारी शोनब्रुनचा राजवाडा. तिथे 'मिलियोनेनत्सिमर' म्हणून एक खोली आहे, कोट्यवधींची खोली म्हणा. शिसवी भिंतींवर सोनेरी, वेड्यावाकड्या नक्षीच्या चौकटी, आणि चौकटींत चक्क आपल्याकडची मुघल लघुचित्रं. मारिया थेरेसाच्या काळात त्या कुटुंबाने ती चौकटीत बसावीत म्हणून कात्रीने कापली आणि तुकडे जोडून नवी दृश्यं रचली. मी सुमारे चार हजार मैलांवर येऊन एक ओळखीचा फेटा बघत उभा होतो आणि त्याच्या शेजारचा घोडा दुसऱ्याच कुठल्यातरी चित्रातून आला होता. बायको म्हणाली, "लग्नपत्रिका कापून पाकिटं करतात तशी केलीत." मला क्षणभर राग आला. मग आठवलं की आमच्या माळ्यावरच्या आजोबांच्या पोथीची पानं मी स्वतः पतंगाला शेपटी म्हणून लावली होती. राग आवरता घेतला.

यादीतली अठरापैकी नऊ झाली. बेल्वेडेअरमध्ये क्लिम्टचं 'चुंबन' पाहिलं. ते जागेवर होतं, पण समोर इतकी डोकी होती की आम्हीच जागेवर नव्हतो. त्याच घरात पूर्वी अडेले ब्लॉख-बाउअरचं सोनेरी चित्र होतं. नाझींनी लुबाडलेलं ते चित्र २००६ साली तिच्या वारस भाचीला परत मिळालं आणि आता ते न्यूयॉर्कला असतं. ते निघालं तेव्हा शहरात 'चाव, अडेले' अशा पाट्या लागल्या होत्या. कचेरीत साहेबांना निरोप देताना नारळ आणि शाल असते. पाट्यांची कल्पना वाईट नाही.

छत्रीचं सांगायचं राहिलं. शेवटच्या दिवशी एका संग्रहालयातून बाहेर पडलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. आठ दिवसांत पहिल्यांदा. आम्ही इतके खूश झालो की तसेच चालत सुटलो. विमानतळावर किल्ल्या काढायला खिशात हात घातला आणि बोटांना काहीतरी गार लागलं. बिल्ला. नंबर १४६.

पुण्याहून भाच्याला फोन केला. तो बिचारा जाऊन आला. काउंटरवरच्या बाईंनी छत्री दाखवली, हो, हीच. पण बिल्ल्याशिवाय देता येत नाही म्हणाल्या. बिल्ला पुण्यात. टपालाने पाठवायचा तर त्या पैशांत चार छत्र्या येतात. भाचा वैतागला. मी त्याला म्हटलं, "त्यांचं बरोबर आहे रे. मीही दिली नसती."

तेव्हापासून तो बिल्ला आमच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात आहे, फ्रॉइडच्या घराचं पोस्टकार्ड आणि प्रभारी सशाचा कप यांच्या मध्ये. आलागेला तो उचलतो, उलटापालटा करतो, नंबर मोठ्याने वाचतो, हे काय म्हणून विचारतो. "माझी छत्री," बायको सांगते. पाहुणे कपाटात छत्री शोधतात, मग माझ्याकडे बघतात.

परवा कराडचे काका आले होते. नव्वदी गाठलेले, हात थरथरतो. त्यांनी बिल्ला घेतला तो सोफ्याच्या फटीत पडला आणि सगळं घर तासभर तो शोधत होतं. सापडल्यावर बायकोने तो पदराने पुसून जागच्या जागी ठेवला आणि मला म्हणाली, "'वस्तूंना हात लावू नये' अशी एक पाटी करून आणा."

मी आणली आहे. काकांना वाईट वाटेल म्हणून ते आले की उलटी करून ठेवतो.